दोन चालक, एक बर्थ: लांब पल्ल्याच्या ट्रकवर नवरा-बायको

घोडेस्वार
लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर नवरा-बायको दोघंही परवानाधारक चालक, अशा जोड्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकच धागा. भाडी, पगार, कंपनी कुठली निवडावी हे इथे नको. केबिनमधलं रोजचं कसं निभवायचं एवढंच बोलू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यात आधी सांभाळायची ती मागे झोपलेल्याची झोप. वेळापत्रक, ब्रेक दाबायची सवय, बॅटरी, सामान, भांडण कधी काढायचं, सगळं तिच्यावरून ठरतं. मागच्याला सलग सात तास मिळाले नाहीत तर गाडीत चालक दोन आणि धड जागं कुणीच नाही अशी गत होते.

पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यात सुस्त असतं, दुपारी २ ते ४ पुन्हा थोडं. 'मी दिवसा, तू रात्री' अशी सहा ते सहाची सरळ वाटणी केली, की रात्रवाल्याच्या वाट्याला ते सुस्त तास आठ तास बसून झाल्यावर येतात. त्यापेक्षा अदलाबदल रात्री २ आणि दुपारी २ ला ठेवा. पहिल्यानं दुपारी २ ते रात्री २ सांभाळायचं आणि पहाटे ३ ते ११ झोपायचं. दुसऱ्यानं संध्याकाळी ५ ला आडवं व्हायचं, रात्री १ ला उठायचं आणि २ ला स्टिअरिंगवर बसायचं. म्हणजे अवघड तास नुकत्याच झोपून उठलेल्याकडे जातात. मुळात पहाटे उठायची सवय असलेल्यानं ही दुसरी पाळी घ्यावी. पाळी बारा तासांची असली तरी चालवणं दहाच तास धरा. डिझेल, तपासणी, कागद, खाणं यात दोन तास कुठे जातात कळत नाही.

उठल्या उठल्या स्टिअरिंग नको. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं अर्धा तास जड राहतं, कधी तासभरही. तोंड धुवा, गाडीभोवती एक फेरी मारा, मग बसा. कॅफीन पाच तासांनीही शरीरात निम्मं उरलेलं असतं, म्हणून बर्थवर जाण्याआधीचे सहा तास चहा-कॉफी बंद.

रातपाळी
पाळ्या कायमच्या ठरवून टाकल्या तर एकाला कायम पहाटच. दर आठवड्याला अदलाबदल केली तर न्याय होतो असं वाटतं.

घोडेस्वार
@रातपाळी, न्याय होतो, झोप मात्र दोघांचीही जाते. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. बारा तास फिरवायला आठवडा कमीच पडतो, आणि बसतंय तोवर पुन्हा उलटं करायची वेळ येते. बदलायचंच असेल तर मोठी सुट्टी घेऊन घरी असताना बदला. आणि वेळेचे पट्टे ओलांडत जाणारा मार्ग असेल तर केबिनमधलं घड्याळ एकाच ठिकाणच्या वेळेवर ठेवा. झोप त्या घड्याळावर, माल पोचवण्याची वेळ फक्त कागदावर.

तिसरा_आरसा
घोडेस्वारांचं वेळापत्रक चांगलं आहे, पण ते जिथे धावत्या गाडीतली झोप विश्रांती म्हणून धरतात तिथेच चालेल. हा फरक नव्या लोकांना कुणी सांगत नाही.

अमेरिकेत मालवाहू गाडीला सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या मुदतीत ११ तास चालवता येतं आणि ८ तास चालवून झाल्यावर ३० मिनिटांचा खंड लागतो. गाडी धावत असतानाही बर्थमधला वेळ विश्रांतीत धरतात. सलग दहा तास आडवं पडणं जमत नसेल तर किमान ७ तास बर्थमध्ये आणि त्याला लागूनच, आधी किंवा नंतर, ३ तासांपर्यंत धावत्या गाडीत शेजारच्या सीटवर, असेही १० भरतात. जोडप्यांना हे फार सोयीचं. पण आठ दिवसांत ७० तासांची मर्यादा प्रत्येकाला आहेच (रोज गाड्या न चालवणाऱ्या कंपन्यांना सात दिवसांत ६०). रोज दहा तास काम धरलं तर सात दिवसांत खातं रिकामं, मग सलग ३४ तास थांबून नव्यानं सुरू.

युरोपीय संघात गणित वेगळं. ५६१/२००६ या नियमानं रोज ९ तास चालवणं, आठवड्यातून दोनदा १०, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा खंड. दोन चालक असतील तर दिवसाची विश्रांती संपल्यापासून ३० तासांच्या आत पुढची किमान ९ तासांची विश्रांती दोघांनाही घ्यावी लागते, आणि केबिनमध्ये घ्यायची तर गाडी उभीच हवी. धावत्या गाडीत झोपलात तर शरीराला आराम, नियमाच्या लेखी शून्य. शेजारच्या सीटवरची ४५ मिनिटं खंड म्हणून धरता येतात, पण त्या वेळात चालकाला रस्ता दाखवणं वगैरे मदत करायची नाही. आणि ४५ तासांची आठवडी विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही, बाहेर नीट राहण्याची सोय लागते. थोडक्यात तिकडे २१ तास पळायचं, ९ तास दोघांनी एकदम झोपायचं. म्हणून तिथे दोन बर्थ लागतातच, अमेरिकेत एका बर्थवरही भागतं.

नवशिकी_जोडी
नोंदीच्या यंत्रात घोळ कसा होतो? दोघांची नावं एकाच गाडीवर असतात ना?

तिसरा_आरसा
घोळ अदलाबदलीच्या पाच मिनिटांतच होतो. डिजिटल टॅकोग्राफ (युरोपीय पद्धतीचं नोंदीचं यंत्र) असेल तर खाच क्रमांक १ चालवणाऱ्याची, २ सोबत्याची. गाडी चालू लागली की कार्ड बाहेर येत नाही, म्हणून ब्रेक सोडण्याआधी कार्डं अदलाबदल. गाडी धावू लागली की दुसऱ्या खाचेतल्याची नोंद आपोआप 'उपलब्ध' अशी होते. अमेरिकी पद्धतीच्या यंत्रात दोघांनी वेगवेगळं लॉगिन करून 'चालक' कोण ते बदलायचं असतं. विसरलात आणि तुमचं चालवणं जोडीदाराच्या नावावर चढलं, तर एरवी पुसता न येणारी ही नोंद टीमपुरती एकमेकांच्या नावावर वळवता येते, दोघांनी मान्य केलं की झालं. मात्र त्याच दिवशी करा. आठवड्यानं कुणाला काही आठवत नाही.

बिनघोर
धावत्या गाडीत झोपण्याबद्दल सविस्तर लिहितो.

गाडी चालू असताना झोप खालच्याच बर्थवर. वरचा बर्थ जितका उंच तितकं डोलणं जास्त, आणि जोराचा ब्रेक लागला तर पडण्याची उंचीही जास्त. बर्थची जाळी किंवा पट्टे लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. अमेरिकेत तो नियम आहे, नसता तरी लावावी. जाळीचं बक्कल अंधारात हाताला लागेल आणि एका हाताने सुटेल असं ठेवा, पांघरुणाखाली दडपू नका. वरचा बर्थ सामानाचा माळा करतात लोक. तिथे फक्त मऊ गोष्टी, म्हणजे कपडे आणि अंथरूण. डबे, हत्यारं, पाण्याचे कॅन खालच्या पेटीत.

झोप मोडते त्याची कारणं बहुतेक वेळा रस्त्यात नसून गाडीत असतात. केबिन मागच्या बाजूला हवेच्या फुग्यांवर आणि शॉकॲब्जॉर्बरवर बसलेली असते. शॉक मेले की एका खड्ड्याचे चार हेलकावे होतात. फुगा गळका असेल तर केबिन एका बाजूला झुकते किंवा थेट रबरी ठोकळ्यावर आदळते. साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे आले की फुगा नाहीतर नळीचा जोड. केबिनची उंची राखणाऱ्या व्हॉल्व्हची छोटी दांडी वाकलेली असते, तीही पाहा. चेसिसला हात लावण्याआधी हे बघा, स्वस्तात सुटतं.

रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आपटतो. रिकाम्या पल्ल्यात मागच्याला नीट झोप लागेल असं गृहीत धरू नका, वेग कमी ठेवा.

आता चालवणाऱ्यासाठी. मागे माणूस झोपलाय म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा दीडपट. ब्रेक आधी हलका, मग वाढवत, आणि थांबण्याच्या शेवटच्या क्षणी पुन्हा सैल. तो शेवटचा झटकाच माणसाला जागं करतो. उतारावर इंजिन ब्रेक आधीपासून खालच्या टप्प्यावर लावा, मध्येच पूर्ण ताकदीनं लावला तर आवाजानंच माणूस उठून बसतो. फोन स्पीकरवर नको, दार आपटणं नको. थांबणार असाल तर उठवायचं नाही; उठवायचंच असेल तर अर्धा तास आधी, दिवा लावून, हाक मारून. हलवून जागं केलं तर अपघात झालाय असं वाटून माणूस जाळीत धडपडतो.

पडदा दोन थरांचा. केबिनचं तापमान १८-२० अंश. आणि कानात फोमचे बोळे घातले तरी धुराचा अलार्म ऐकू येतो का, ते एकदा दिवसा तपासून बघा.

डिझेलवाली
+१. एक भर: फ्रीजर ट्रेलर असेल तर त्याचं युनिट थेट डोक्यामागे घुरघुरत असतं. ते सतत चालू या पद्धतीवर असेल तर त्या आवाजाची सवय होते. चालू-बंद पद्धतीवर असेल तर प्रत्येक वेळी सुरू होताना झोप उडते. माल कुठल्या पद्धतीनं न्यायचा ते माल पाठवणारा ठरवतो, त्यामुळे बदलता येत नाही, पण आधी विचारून घ्या म्हणजे झोपेचं नियोजन होतं.

व्होल्टमापक
विजेबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि जोडप्यांची गाडी सकाळी सेल्फ घेत नाही ती नेमकी याच कारणानं. दोन माणसं म्हणजे दुप्पट चार्जर आणि चोवीस तास चालणारा फ्रीज.

१२ व्होल्टच्या गाडीत साधारण १०० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या समांतर असतात, म्हणजे ४००. शिशाच्या बॅटरीतून निम्मंच काढायचं, म्हणजे हाताशी २००. खर्च बघा. फ्रीजचा कंप्रेसर ५० वॅटचा असतो आणि वेळेच्या ४० टक्के चालतो, त्याचे दिवसाला ४० अँपिअर-तास. डिझेल हीटरचा पंखा रात्रभराचे १६. श्वासाचं सीपॅप यंत्र ह्युमिडिफायर बंद ठेवून २०, ह्युमिडिफायर लावलात तर दुपटीहून वर. छोटा पंखा ८, फोन-दिवे १०. झाले ९४. गाडी ३४ तास उभी राहिली तर १३० च्या आसपास. नव्या बॅटरीला झेपतं. चार वर्षं जुन्या बॅटरीला कडाक्याच्या थंडीत झेपत नाही, कारण तेव्हा तिची क्षमताच निम्म्यावर येते.

मीटर लावून ठेवा. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.१ च्या आसपास आपोआप तोडणारा कटऑफ बसवा, फ्रीज बंद पडलेला परवडतो.

पाण्याची १५०० वॅटची किटली म्हणजे १२५ अँपिअर, इन्व्हर्टरची गळती धरून १४०. दहा मिनिटांत २३ अँपिअर-तास गेले. म्हणून किटली, इंडक्शन वगैरे इंजिन चालू असतानाच. २००० वॅटच्या इन्व्हर्टरला जवळजवळ २०० अँपिअर लागतात, त्याला ७० चौरस मिलिमीटरची तार आणि २५० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत. इन्व्हर्टरच्या टोकाला लावलेला फ्यूज तार घासून चेसिसला टेकली तर काहीच वाचवत नाही, सगळी तार तापून पेटते. सिगारेट सॉकेटवरून १५० वॅटच्या वर काही चालवू नका.

२४ व्होल्टवाल्यांनो, दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढायचा मोह टाळा. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि सहा महिन्यांत दोन्ही भंगारात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

नवशिकी_जोडी
स्वयंपाक मग करायचा तरी कसा?

डिझेलवाली
१२ व्होल्टचा डबा-कुकर मिळतो, दहा-बारा अँपिअर खातो. गाडी धावत असताना लावून द्यायचा, दीड-दोन तासांत जेवण गरम, कच्चं असेल तर तीन तास. तो पट्ट्यानं बांधून ठेवा आणि पातळ पदार्थ पाऊण डब्याच्या वर भरू नका. गॅसची शेगडी केबिनमध्ये अजिबात नाही. आगीचं भय आहेच, पण बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि मागचा झोपलेला असतो. त्या वायूचा अलार्म बर्थच्या उंचीवर लावा. फ्रीज ४ अंशांवर, आत स्वतंत्र थर्मामीटर. फ्रीजवरच्या आकड्यावर विश्वास नको.

घोडेस्वार
नवशिक्यांसाठी आता महत्त्वाचं: जोडीदाराला मागे विसरून गाडी निघून जाणं. हसू नका, होतं हे. मागचा पहाटे उठून स्वच्छतागृहात जातो, चालक डिझेल भरून येतो, पडदा बंद दिसतो, निघाला.

पडदा बंद म्हणजे माणूस आत, असं कधीच धरायचं नाही. जो उतरेल त्यानं आपली एक ठरलेली वस्तू, चप्पल म्हणा किंवा लाल फडकं, चालकाच्या सीटवर ठेवून उतरायचं. बसणाऱ्याला ती उचलल्याशिवाय बसताच येत नाही. आणि उतरणाऱ्यानं फोन आणि जॅकेट घेतल्याशिवाय उतरायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

तिसरा_आरसा
दोघं असण्याचा खरा फायदा तपासणीत आणि मागे घेण्यात आहे, आणि तोच बहुतेक जोड्या वाया घालवतात.

एअर ब्रेकचा स्ट्रोक, म्हणजे ब्रेक दाबल्यावर त्याची दांडी (पुशरॉड) किती सरकते ते, एकट्यानं नीट मोजता येत नाही. चाकांना दोन्हीकडून पाचर, इंजिन बंद, टाकीत हवेचा दाब ९० ते १०० पीएसआय, पार्किंग ब्रेक सोडलेला. प्रत्येक पुशरॉडवर चेंबरच्या (ब्रेकच्या हवेच्या डब्याच्या) तोंडाशी खडूची खूण. एकानं ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, दुसऱ्यानं खूण किती सरकली ते मोजायचं. नेहमीच्या ३० नंबरच्या चेंबरला २ इंच ही मर्यादा, लाँग स्ट्रोकला अडीच. जास्त आलं तर स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ताण राखणारा भाग) पान्यानं पिळून मोकळं होऊ नका. तो आपोआप ताण घेणारा असेल तर मर्यादेबाहेर गेला याचाच अर्थ तो, बुश किंवा पिन खराब आहे. पिळलात तर चार दिवस बरा दिसतो. त्याच बैठकीत ब्रेक दाबून धरलेला असताना गळती बघा: ट्रेलरसकट मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा जास्त पडता कामा नये. खाली शिरणाऱ्यानं किल्ली आपल्या खिशात ठेवायची. नवरा-बायकोचा विश्वास वगैरे ठीक आहे, किल्ली खिशात.

ट्रेलर जोडताना ओढून बघणं पुरेसं नाही. टॉर्च घेऊन दुसऱ्यानं वाकून पाहायचं: फिफ्थ व्हील (ट्रकवरची ट्रेलर टेकतो ती चकती) आणि ट्रेलरची प्लेट यात फट नाही ना, आणि त्या चकतीचा जबडा किंगपिनच्या (ट्रेलरखालच्या जोडखिळ्याच्या) मानेभोवती बंद झालाय ना. पिन वर चढून बसलेली असेल तरी ओढल्यावर गाडी धरल्यासारखी वाटते आणि पहिल्या मोठ्या वळणावर ट्रेलर सुटतो.

मागे घेताना बाहेरच्यानं चालकाच्या बाजूच्या आरशात दिसत राहायचं. तो आरशातून गायब झाला की गाडी थांबलीच पाहिजे, विचारायचंही नाही. माल चढवण्या-उतरवण्याचा धक्का आणि ट्रेलर यांच्या मध्ये कधीही उभं राहायचं नाही. 'थांब' हा एकच शब्द आणि एकच खूण आधी ठरवा. 'अरे अरे अरे' ही खूण नाही. बोलण्यासाठी खिडकी उघडी, गाणी बंद.

रातपाळी
'अरे अरे अरे' वाचून हसलो. जोडप्यांची निम्मी भांडणं धक्क्यावरच होत असावीत.

बिनघोर
त्यावर साधा उपाय: बाहेरच्यानं फक्त अडथळा आणि अंतर सांगायचं, स्टिअरिंग कुठे वळवायचं ते सांगायचं नाही. 'डावीकडे खांब, तीन फूट.' बस. वळवायचं कसं ते चालवणाऱ्यावर सोडा. बाकीची भांडणं पाळी बदलताना नकोत. रागावून बर्थवर गेलेला झोपत नाही, आणि आठ तासांनी तोच चालवणार असतो.

डिझेलवाली
नवशिक्या ताईंसाठी दोन गोष्टी. लघवी दाबून ठेवू नका आणि ती टाळायला पाणी कमी पिऊ नका, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. घडीचं टॉयलेट, आत पिशवी आणि घट्ट करणारी पावडर, एवढं बर्थखालच्या पेटीत बसतं. गाडी उभी असतानाच वापरायचं, जाळीबाहेर तोल सावरत नाही. दुसरं, केबिनमधून उतरताना तोंड गाडीकडे, दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले. झोपेतून उठून थेट उडी मारली की घोटा गेलाच.

नवशिकी_जोडी
खूप आभार सगळ्यांचे. शेवटचा प्रश्न: डिझेल हीटर की इंजिन चालू ठेवणं? हीटर वारंवार बंद पडतो अशी तक्रार ऐकली.

व्होल्टमापक
हीटरच. दोन किलोवॅटचा हीटर तासाला ०.१ ते ०.२५ लिटर पितो, नुसतं चालू ठेवलेलं इंजिन तीन लिटरच्या आसपास, शिवाय धुराड्यातल्या फिल्टरमध्ये काजळी साचते ती वेगळी.

बंद पडण्याची कारणं ठरलेली. कायम मंद आचेवर चालवला की आत काजळी धरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास पूर्ण आचेवर चालवा, उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा. सुरू होताना पांढरा धूर आणि मग बंद, म्हणजे ग्लो प्लग (हीटर पेटवणारा तापणारा भाग) थकलाय किंवा व्होल्टेज कमी आहे. आधी व्होल्टेज बघा. काळा धूर म्हणजे हवेची नळी तुंबलीय. बंद करताना थेट वीज तोडू नका, पंखा स्वतः थांबेपर्यंत दोन-तीन मिनिटं द्या, नाहीतर आतल्या उष्णतेनं तोच जळतो. आणि टाकी पावाच्या खाली गेल्यावर हीटर थांबत असेल तर काहीही उघडू नका. त्याची नळी मुद्दाम तळापासून वर ठेवलेली असते, गाडीपुरतं डिझेल शिल्लक राहावं म्हणून. डिझेल भरा, सुरू होईल.